ब्याऐंशी टक्के

2021 सालचा एप्रिल मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढला. लॉकडाऊन सैलावत होता, केशकर्तनालयं नुकतीच उघडली होती, पण लंडनच्या हाउन्स्लोमधलं आमचं ऑफिस बंदच होतं. मी अकाउंटंट. अशिलांमध्ये आयटीतले कॉन्ट्रॅक्टर पुष्कळ, त्यातले बरेच आपलेच: सांगली, नाशिक, नागपूर. त्या महिन्यात मी दुसरं काही केलं नाही, नुसतं त्यांच्या लिमिटेड कंपन्यांना टाळं ठोकलं.

कारण 6 एप्रिलपासून बदललेला एक करनियम. आयआर 35 हा नियम तसा जुना. 1999 च्या बजेटवेळच्या एका सरकारी प्रसिद्धिपत्रकाचा हा क्रमांक, तोच नाव होऊन बसला. कंपनी काढून त्याआडून नोकरीच करणाऱ्याने नोकरदारासारखा कर भरावा, एवढंच त्याचं म्हणणं. पण आपण नोकरदार की स्वतंत्र, हे इतकी वर्षं ज्याचं त्याने ठरवायचं असे, आणि स्वतःविरुद्ध निकाल कोण देणार? सरकारी खात्यांसाठी 2017 मध्ये आणि मोठ्या-मध्यम खासगी कंपन्यांसाठी 2021 मध्ये हा निर्णय काम देणाऱ्याच्या गळ्यात पडला. चूक झाली तर कराचा बोजा आपल्यावर येईल म्हटल्यावर मोठ्या बँकांनी एकेकाचं काम तपासण्याची दगदगच केली नाही. लिमिटेड कंपन्या नकोत, सगळ्यांनी अंब्रेलात जा, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला कागदोपत्री नोकरीवर ठेवून, कर कापून पगार देणाऱ्या मधल्या कंपनीत.

23 तारखेच्या शुक्रवारी सकाळी सांगलीकरांचा फोन. एका बँकेत टेस्टिंग करतात, माझ्यापेक्षा मोठे, तरी मला ताईच म्हणतात.

"ताई, पाडव्याच्या आठवड्याचा पगार आला. लुबाडलंय मला."

पेस्लिप उघडली. दिवसाचे 450, पाच दिवसांचे 2250 पौंड. अंब्रेलाने स्वतःचे 25 घेतले. उरलेल्या 2225 मधून मालकाचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी विम्याची वर्गणी, 248 आणि ॲप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे शिकाऊंच्या प्रशिक्षणासाठीचा मालकावरचा कर, 10. मग खाली, जणू पगार आत्ता सुरू होतोय अशा थाटात, ग्रॉस 1967. त्यातून पुन्हा यांचा स्वतःचा नॅशनल इन्शुरन्स 114, आयकर 545. हातात 1308.

"मालकाचा हिस्सा माझ्या खिशातून का?" हा प्रश्न त्या महिन्यात मला किमान वीस जणांनी विचारला असेल. उत्तर गोड नाही. काम मिळवून देणारी एजन्सी देते तो आकडा पगार नसतो, अंब्रेलाची जमा असते. मालक म्हणून लागणारा खर्च ती त्यातूनच भागवते. हे कामाआधी द्यायच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. मीही स्वतःच्या विम्याचे कागद वाचत नाही, त्यामुळे फार बोलता येत नाही.

मी आकडे पुन्हा मांडून पाहिले, पेनीपर्यंत जुळले. तसं सांगितलं तर ते आणखीच चिडले. "मग माझ्या शेजारच्या पोराला 82 टक्के कसे मिळतात? तोच रेट, तीच बँक!" आणि त्या पोराला विचारून त्याची पेस्लिप मला पाठवलीसुद्धा.

ती उघडली आणि चहा तसाच राहिला.

ग्रॉस 334 पौंड 13 पेन्स. मी कॅल्क्युलेटर ओढला: तासाला 8.91, म्हणजे तेव्हाचं किमान वेतन, गुणिले साडेसदतीस तास. बँकेतल्या डेव्हलपरला किमान वेतन! त्यावर जेमतेम कर, हातात 298. सोबतच्या बँक स्टेटमेंटवर त्याच दिवशी दुसरी एक जमा: 1547 पौंड. पाठवणारी कंपनी वेगळीच, आणि पुढे लिहिलेलं 'ॲडव्हान्स'. दोन्ही मिळून 1845. 2250 चे बरोब्बर ब्याऐंशी टक्के. सगळे कर वजा करून असे दोन तुकड्यांत पैसे देणाऱ्या या योजनावाल्यांच्या पदरात आठवड्याला सुमारे 340 पौंड पडत होते. सांगलीकरांची अंब्रेला 25 घेते म्हणून आरडाओरडा चालला होता.

ही तऱ्हा आम्हाला चांगली ठाऊक. पगार द्यायचाच नाही, 'उसने' द्यायचे. उसन्यावर कर कुठे असतो? 2017 मध्ये ग्लासगोच्या रेंजर्स फुटबॉल क्लबच्या खटल्यात ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं, असा पैसा म्हणजे कामाचा मोबदलाच. लोन चार्ज नावाच्या कायद्याने तर 2010 पासूनची असली जुनी कर्जं एकदम उत्पन्नात धरली. वसुली योजना विकणाऱ्याकडून नाही, पैसे घेणाऱ्याकडून.

त्याच संध्याकाळी त्या ब्याऐंशी टक्केवाल्या पोराशी बोलले, नागपूरचा. गोड मुलगा, बायकोला आठवा महिना.

"मॅडम, त्यांच्याजवळ बॅरिस्टरचं पत्र आहे. सरकारमान्य आहे म्हणाले ना."

"सरकार असल्या कुठल्याच योजनेला मान्यता देत नाही. बरं, हे 1547 पगार आहेत की उसने?"

"पगारच ना."

"मग ॲडव्हान्स का लिहिलंय?"

तो थांबला. मग हळूच म्हणाला, "घराच्या कर्जासाठी ब्रोकरने पेस्लिप मागितली होती. 334 बघून म्हणाला, चुकीची फाइल आली काय."

मी करार मागवला. चौदा पानं, अकराव्या पानावर एक ओळ: देणाऱ्याने मागताक्षणी संपूर्ण रक्कम परत करावी लागेल. ती पिवळी करून पाठवली. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, "बायकोला वाचून दाखवलं." बस, एवढंच.

तीन आठवडे त्या योजनेत काढून तो सांगलीकरांच्या अंब्रेलात आला. सांगलीकर तिथेच कुरकुरत राहिले. 2022 च्या 23 सप्टेंबरला अर्थमंत्री क्वार्टेंग यांनी 2017 आणि 2021 चे बदल मागे घेतो म्हटलं, तेव्हा जुनी कंपनी परत उघडू म्हणून त्यांचा आनंदाने फोन आला. चोवीस दिवसांनी नवे अर्थमंत्री हंट यांनी तो निर्णयच रद्द केला. त्या दिवशी फोन आला नाही.

जानेवारी 2023 मध्ये मी त्या मुलाचं रिटर्न भरलं. तीन आठवड्यांची ती ॲडव्हान्स रक्कम उत्पन्नात दाखवली, चाळीस टक्क्यांचा कर त्याने भरला. निदान योजनेने कापलेली फी तरी परत मागावी म्हणून मी कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी दफ्तराच्या, नोंदीत त्या कंपनीचं नाव टाकलं. समोर लिहून आलं: विसर्जित.