सदाफुलीच्या कुंडीतला चहा

मंगळवार

आईंनी आज चहा सदाफुलीच्या कुंडीत ओतला. पाऊस भुरभुरायला लागला म्हणून मी कपडे काढायला गॅलरीच्या दारापर्यंत गेले होते. त्यांची पाठ माझ्याकडे. कप हळूच तिरका केला, चहा मातीत मुरेपर्यंत थांबल्या, पदरानं कपाची कड पुसली. मी पावलं न वाजवता मागे फिरले. दोन मिनिटांनी कप ओट्यावर ठेवत म्हणाल्या, "छान झाला होता हो चहा."

तो "हो" तेव्हापासून डोक्यात बसलाय.

सव्वीस वर्षांत माझ्या हातचं काहीही त्यांनी गुपचूप खाल्लेलं नाही. "हा चहा आहे की काढा?" "आधणाला उकळी फुटायच्या आत पावडर टाकलीस ना?" नव्या नवरीच्या काळात या वाक्यांपायी मी नळ सोडून न्हाणीघरात रडलेय. आणि आज त्या काही बोलल्या नाहीत, तर तेच जास्त लागलं. पाहुणे असं करतात. नाही आवडलं तरी छान म्हणतात, कारण त्यांना संध्याकाळी आपल्या घरी जायचं असतं.

मार्चनंतरच हे सुरू झालं असेल का? त्यावर लिहायचं नाही असं ठरवलंय, तर नाहीच लिहीत.

गंमत म्हणजे शनिवारी वाचनकट्ट्यावर मला चहाच्या पुस्तकांवर बोलायचंय. मंदाताईंचा विषय. "पावसाळा आहे, काहीतरी हलकंफुलकं घे, दहा मिनिटं बास." पाडव्यापासून पित्तामुळे मी चहा सोडलाय हे त्यांना माहीत नाही. टेबलावर पुस्तकांची चळत आहे आणि शेजारी माझा कोमट पाण्याचा पेला.

रात्री

झोप नाही. ओकाकुरा काकुझोचं 'द बुक ऑफ टी' काढून बसले. १९०६ चं पुस्तक, जपानी माणसानं बोस्टनमध्ये राहून इंग्रजीत लिहिलेलं. त्याआधी काही वर्षं हा गृहस्थ कोलकात्यात येऊन रवींद्रनाथ ठाकुरांच्या गोतावळ्यात राहून गेला होता. त्यात सुरुवातीलाच आहे की जपानीत एखाद्या रुक्ष माणसाला 'याच्या अंगात चहाच नाही' म्हणतात. दुसऱ्याच्या आयुष्यातलं रडूहसू ज्याला कळत नाही, तो. आणि भावनांचा नुसता पूर आलेला असेल, तर त्याच्या अंगात चहा जास्त झालाय.

मी यातली कोणती? आज दुपारपासून तरी दुसरीच.

आठव्या शतकात चीनमध्ये लू यू नावाच्या माणसानं फक्त चहावर ग्रंथ लिहिला. पाणी डोंगरातल्या झऱ्याचं उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं सगळ्यात शेवटी. उकळीचे टप्पे तीन: आधी माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे, मग मोत्यांच्या सरी, मग लाटा. त्यापुढे उकळलं तर पाणी म्हातारं झालं, पिऊ नये. आईही तीन उकळ्याच मोजतात, पातेलं सांडशीनं उचलून उचलून. त्यांनी लू यू वाचलेला नाही, लू यूनं आईंना पाहिलेलं नाही, पण दोघांचं चांगलं जमलं असतं. फक्त आल्यावरून वाजलं असतं. आलं, पुदिना, संत्र्याची साल असलं काही टाकून उकळलेला चहा त्याच्या मते गटारातलं पाणी. म्हणजे माझा चहा त्यानंही कुंडीतच ओतला असता. नंतर "छान झाला होता" मात्र म्हणाला नसता.

पुन्हा तिथेच आले.

कधीपासून ओततायत? सदाफुली दोन महिन्यांत एवढी फोफावली ती मला वाटलं खतानं. मी ते खत तिघींना सुचवलं.

बुधवार

इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलचा चहावरचा लेख पुन्हा वाचला. जानेवारी १९४६, युद्ध संपलेलं पण चहा रेशनवर, आणि हा माणूस पेपरात चहाचे अकरा नियम देतोय. रेशनच्या दोन औंसांत, म्हणजे साधारण सत्तावन्न ग्रॅममध्ये, नीट केला तर वीस कडक कप निघायला हवेत, असा त्याचा हिशेब. दूध नंतर ओतायचं. साखर अजिबात नाही, साखर घालणारा स्वतःला चहाबाज कसा म्हणवतो हा त्याचा सवाल. आईंना वाचून दाखवला असता तर म्हणाल्या असत्या, "दूध वरून? मग उकळायचं कधी?" मोतीहारीत जन्मलेल्या माणसाला एवढंही कळू नये. अर्थात वर्षाचा व्हायच्या सुमारास आई त्याला इंग्लंडला घेऊन गेली, शिकणार कुठून?

साखरेवरून आठवलं. डॉक्टरांनी आईंची साखर कमी करायला सांगितली तेव्हापासून मी अर्धा चमचा घालते. गोडी गेली म्हणून आलं वाढवलं. आणि चव घेऊन बघणं पाडव्यालाच थांबलं. तीन महिने मी नुसता रंग बघून चहा करतेय.

तेव्हा आज गाळणीतून राहिलेला घोटभर पिऊन बघितला.

मीही कुंडीतच ओतला असता.

खरंच. कडू, घशाला ओरखडणारा, जिभेवर आल्याचा चोथा. आणि हे बाईंनी तीन महिने, दिवसातून दोनदा, तोंड वाकडं न करता हातात घेतलं. हसू आलं मला. एकटीच ओट्याशी उभी राहून हसत होते.

तरी प्रश्न राहतोच. बोलल्या का नाहीत?

जपानी लेखक कावाबाताचं 'थाउजंड क्रेन्स' शनिवारच्या यादीत ठेवायचं की नाही ठरत नव्हतं. मंदाताईंना वाटतं ती चहासमारंभाची नाजूक कादंबरी आहे. १९६८ च्या नोबेलच्या भाषणात लेखकच म्हणाला होता की चहासमारंभाचं सौंदर्य दाखवायला मी ती लिहिली नाही, त्यात शिरलेल्या हिणकसपणाबद्दलचा तो इशारा आहे. त्यात चहाचं एक शिनो भांडं आहे, म्हणजे जपानी मातीकामाचा एक प्रकार, त्याच्या कडेवर मेलेल्या बाईच्या ओठांचा रंग मुरल्यासारखा दिसतो, आणि तिची मुलगी शेवटी ते फोडून टाकते. ते वाचताना मला आईंचं पदरानं कड पुसणं आठवलं. ती कादंबरी ठेवली.

फ्रेंच कादंबरीकार प्रूस्त यादीतून काढला. चहाच्या एका घोटानं बालपण परत आलं म्हणून सगळे त्याचं नाव घेतात, पूर्ण कुणी वाचलेला नसतो. मीही नाही.

मुल्कराज आनंदांची 'टू लीव्हज अँड अ बड' मात्र ठेवणारच, १९३७ ची. होशियारपूरकडचा गंगू, आसामच्या मळ्यावर नेलेला. त्याला गोळी घालणारा साहेब निर्दोष सुटतो. हलकंफुलकं नाही, पण पावडर कुठून येते ते दहातली दोन मिनिटं तरी बोललंच पाहिजे. मंदाताई रागावतील. रागावू देत, निदान तोंडावर रागावतील.

गुरुवार

साडेतीनला आधण ठेवलं. आलं नखाएवढं. तीन उकळ्या मोजल्या. साखर तेवढी अर्धाच चमचा, तिथे माझा इलाज नाही. कप घेऊन गॅलरीत गेले आणि आज तिथेच शेजारच्या खुर्चीवर बसून राहिले. जरा दुष्टपणाच होता तो, कळतंय मला. त्यांनी एकदा कुंडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चहा बशीत ओतला, फुंकर मारली, भुरका घेतला.

बराच वेळ काही नाही. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

"पावडर बदललीस का गं?"

"का?"

"मधली फार वाईट होती. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. आधीच तुझं ते पित्त, त्यात चहा सुटलेला, त्यात आणि माझं..." पुढचं त्यांनी बशीतच सोडलं.

पावडर बदललेली नाही. गेली अकरा वर्षं एकाच दुकानातली एकच पावडर घरात येते. पण मी "हो" म्हणाले.

"हीच आणत जा आता," आई म्हणाल्या. "आणि ती मधली राहिली असेल तर कामवालीला देऊ नकोस, तिनं काय पाप केलंय?"

आता डब्यातली अर्धा किलो पावडर आईंच्या डोळ्यांदेखत कुठेतरी न्यायची आणि तीच परत विकत आणायची. साखर अजूनही कमीच आहे, हे त्यांच्या उद्या लक्षात येईल.