तोल सावरणारा हलका स्पर्श

माझ्या आईला गंभीर जंतुसंसर्गावर जेंटामायसिन हे प्रतिजैविक द्यावे लागले आणि त्यानंतर तिच्या दोन्ही अंतर्कर्णांची तोल सांभाळण्याची क्षमता जवळजवळ नाहीशी झाली. तिला गरगरत नाही, म्हणून पाहुण्यांना तिचा त्रास चटकन पटत नाही. परंतु चालताना तिला दुकानांच्या पाट्या हलताना दिसतात, आणि दिवस मावळला की साताऱ्यातील आमच्या पेठेच्या उतारावर तिचा पाय ठरत नाही.

अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कसे वळते ते टिपतात, तर शेजारच्या दोन पिशव्या गुरुत्वाकर्षणाची आणि सरळ रेषेतील गतीची जाणीव देतात. ही माहिती मेंदू डोळ्यांकडून, तळव्यांकडून आणि सांध्यांकडून आलेल्या माहितीशी पडताळून पाहतो. कानांकडून काही कळेनासे झाले की डोळ्यांवर आणि पायांवरच सारी भिस्त राहते, आणि अंधारात किंवा खडबडीत वाटेवर नेमके तेच अपुरे पडतात.

त्यामुळेच फिजिओथेरपिस्ट बाईंनी आईला काठीवर भार न टाकता ती जमिनीला नुसती टेकवत चालायला सांगितले, तेव्हा मला त्याचे महत्त्व उमगले. बोटाचे टोक एखाद्या स्थिर वस्तूला 100 ग्रॅमहून कमी भाराने लावले तरी उभ्या माणसाचे डोलणे घटते, हे 1990 च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले आहे. एवढ्याशा भाराने शरीर पेलले जाणे शक्यच नाही. त्या स्पर्शातून आपण कोणत्या बाजूला कललो आहोत, एवढेच मेंदूला कळते, आणि तेवढे पुरते. कमरेच्या पट्ट्यातील संवेदकांनी कल ओळखून त्याच बाजूला कंपन द्यायचे, ही उपकरणेही याच तत्त्वावर आधारलेली आहेत. अमेरिकन संशोधक पॉल बाख-इ-रिटा यांनी तर जिभेवर ठेवलेल्या विद्युताग्रांच्या (इलेक्ट्रोडच्या) पट्टीतून असा संकेत देण्याचा मार्ग शोधला. अशी साधने वापरात असताना डोलणे कमी होते, पण ती काढल्यावर लाभ कितपत टिकतो याबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणून मला रोजचा सराव अधिक मोलाचा वाटतो.

आई आता भिंतीला बोटे लावून बोळातून चालते, आणि नजर एका अक्षरावर ठेवून मान वळवण्याचा व्यायाम करते. घरात रात्रभर दिवा असतो. आम्ही तिचा दंड घट्ट धरून चालवणे सोडले असून तिची बोटे माझ्या मनगटावर असतात. जिन्यावर मात्र ती कठडा पूर्ण मुठीत धरते, आणि तिथे सरावाचा आग्रह मी मुळीच धरत नाही.