तळ्यात की मळ्यात

मी राहतो त्या मेरीलँड राज्यानं अमेरिकेच्या यादवी युद्धात कुणाची बाजू घेतली, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा त्या युद्धातली अँटिटमची रणभूमी बघून परतताना गाडीत एकदा तरी विचारतोच, ‘मग तुमचं मेरीलँड कुणाच्या बाजूनं होतं? उत्तरेच्या की दक्षिणेच्या?’ ‘उत्तरेच्या’ म्हटलं की विषय संपतो आणि जेवायला कुठं थांबायचं ते सुरू होतं. बरीच वर्षं मी तेवढंच म्हणायचो.

कागदोपत्री आम्ही उत्तरेचेच. दक्षिणेतली राज्यं गुलामगिरी टिकवायला देशातून फुटून निघाली, आमचं निघालं नाही. पण निघू दिलं असतं कुणी? वॉशिंग्टनच्या तीन बाजूंना मेरीलँड आणि चौथीला व्हर्जिनिया, ते तर आधीच फुटलेलं. 1861च्या एप्रिलमध्ये राजधानीच्या रक्षणाला निघालेल्या मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीवर आमच्या बाल्टिमोर शहरातल्या जमावानं भर रस्त्यात हल्ला केला. सप्टेंबरात लिंकन सरकारनं इथल्या दक्षिणधार्जिण्या आमदारांना सरळ आत टाकलं. याला बाजू घेणं म्हणायचं असेल तर म्हणा.

मग मी पाहुण्यांना भावांची गोष्ट सांगायला लागलो. 23 मे 1862, व्हर्जिनियातलं फ्रंट रॉयल. समोरासमोर दोन पलटणी, दोन्हींचं नाव ‘फर्स्ट मेरीलँड’. दक्षिणेकडच्या विल्यम गोल्ड्सबरोनं त्या दिवशी उत्तरेकडून लढणाऱ्या सख्ख्या भावाला, चार्ल्सला, कैद केलं. गोष्ट खरी आहे. लोक हळहळतात, मलाही सांगायला आवडायचं.

2017च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या राजधानीत, अ‍ॅनापोलिसच्या विधानभवनासमोरचा रॉजर टॅनीचा पुतळा रात्रीतून हलवला. टॅनी मेरीलँडचाच, सरन्यायाधीश असताना 1857 मध्ये, काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही, असा निकाल देणारा. दुसऱ्या दिवशी मी अंगणात पाइपनं टोमॅटोला पाणी घालत होतो. शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. एरवी भला माणूस. बर्फ पडला की माझ्या दारापुढचाही काढणारा. त्यांचे खापरपणजोबा दक्षिणेकडून लढलेले. पुतळा गेला ते बरं झालं, असं मी म्हणालो. त्यांचा चेहरा लाल झाला. ‘आम्ही भाऊ भाऊ भांडलो, आमचं आम्ही मिटवलं. तुला त्यातलं काय कळणार? हा तुझा इतिहास नाही.’ मी म्हटलं, मी इथला नागरिक आहे, टॅक्स भरतो. काय पण उत्तर! पाइप तसाच वाहत राहिला, वाफ्यात चिखल झाला, आणि ते निघून गेले.

‘तुझा इतिहास नाही’ हे लागलं, नाही कशाला म्हणू? पण जास्त खुपलं ते ‘भाऊ भाऊ’. ते तर माझंच वाक्य. पाहुण्यांना मी दुसरं काय सांगत होतो?

युद्धाच्या तोंडावर मेरीलँडमध्ये सत्त्याऐंशी हजार गुलाम होते. भावांच्या गोष्टीत त्यांना जागाच नाही. अँटिटमची लढाई झाली 17 सप्टेंबर 1862ला, आमच्याच मातीत. तिच्या जोरावर पाचच दिवसांत लिंकननं गुलाममुक्तीची घोषणा केली. पण ती फक्त बंडखोर प्रदेशांपुरती. मेरीलँड निष्ठावंत, म्हणून इथला गुलाम गुलामच राहिला! तो सुटला 1 नोव्हेंबर 1864ला, राज्याची नवी घटना आली तेव्हा. तीही मंजूर झाली 375 मतांनी, आणि तीसुद्धा छावण्यांतल्या सैनिकांची मतं आली म्हणून. घरी बसलेल्यांचा कौल विरोधातच होता.

एवढं ऐकल्यावर परवा मेहुणा म्हणाला, ‘म्हणजे दक्षिणेचेच की तुम्ही!’

तसंही नाही रे. छावणीतून ‘हो’ म्हणणारेही मेरीलँडचेच होते. आणि त्यांच्यातले सगळे काही गुलामांच्या कळवळ्यानं लढायला गेले नव्हते, हेही आहेच. तो म्हणाला, ‘तळ्यात की मळ्यात, एकदा ठरव.’ एक्झिट आली, मी गाडी वळवली. त्याला भूक लागली होती.