तंबोऱ्याची आस आणि रास्पबेरी पाय

सांगलीतल्या आमच्या घरी शास्त्रीय संगीताचा संग्रह फ्लॅक या ध्वनीचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल-स्वरूपात जपलेला आहे. तो ऐकण्यासाठी मोठा संगणक चालू ठेवावा लागू नये, म्हणून मी रास्पबेरी पाय 3 या तळहाताएवढ्या संगणकावर म्युझिक प्लेअर उभारला. त्याच्या रास्पबेरी पाय ओएस या कार्यप्रणालीची लाइट आवृत्ती आणि एमपीडी हा संगीत वाजवणारा प्रोग्राम एवढे पुरेसे आहे. मात्र एमपीडी सुरुवातीला फक्त त्याच यंत्रावरून येणाऱ्या जोडण्या स्वीकारतो, त्यामुळे सेटिंगमधील पत्ता बदलल्याशिवाय मोबाइलवरून तो चालवता येत नाही.

खरा प्रश्न आवाजाचा आहे. पायच्या हेडफोन जॅकमधील ध्वनी पल्स-विड्थ मॉड्युलेशनने, म्हणजे विद्युत स्पंदांची रुंदी कमी-जास्त करून, तयार होतो, आणि शेजारच्या मिरजेत घडणाऱ्या तंबोऱ्याची जवारीतून (तारांखालच्या घोडीच्या खास घडवलेल्या पृष्ठभागातून) उमटणारी लांब, मंद आस ऐकताना त्यातली खरखर लपत नाही. ज्या गावात किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ राहिले, त्याच्या इतक्या जवळ राहून सुराबाबत तडजोड करणे मला मान्य नाही. म्हणून 40 पिनांच्या जोडणीवर आय-टू-एस या डिजिटल ध्वनी वाहून नेणाऱ्या पद्धतीचा, पीसीएम 5102 चिपचा डॅक (डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉग ध्वनीत रूपांतर करणारा भाग) बसवावा, कॉन्फिग फाइलमध्ये त्याचा ओव्हरले, म्हणजे पायला त्याची ओळख करून देणारी नोंद, लिहावा आणि मूळ ऑडिओ बंद करावा. खर्जातला षड्ज लगेच स्वच्छ होतो.

वीज अचानक गेल्यास मेमरी कार्ड बिघडू शकते, म्हणून ओव्हरले फाइल सिस्टिम (बदल कार्डावर न लिहिता तात्पुरते रॅममध्ये ठेवणारी वेगळी सोय) सुरू ठेवावी आणि नवे ध्वनिमुद्रण घालण्यापुरतीच ती बंद करावी.