मागचा डेक मोकळा हवा

रविवार, रात्र

खांदे भरून आलेत, तरी आजचं आजच लिहून ठेवतो.

हिडकल धरणाच्या बॅकवॉटरवर आज मुद्दाम कयाक (वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी) उलटी केली. दाजी काठावर उभे होते. उन्हाळ्यात घटप्रभेचं पाणी उतरून हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर आलं की थोरलीला तिथवर न्यायचं कबूल केलंय. त्याआधी मी एकटा पाण्यातून परत कयाकवर चढू शकतो का, हे मला कळायलाच हवं होतं.

नाही चढता आलं.

बाहेर निघालो, कडेची दोरी धरली, कयाक सरळ केली. इथवर ठीक. वल्ह्याच्या पात्यावर चढवायचा फुगा मात्र मागच्या डेकवर, म्हणजे कयाकच्या वरच्या बंद भागावर, इलास्टिकखाली, बॅगेच्या बुडाशी दबलेला. ओढून काढेपर्यंतच दम लागला. तो फुगवून वल्हं कॉकपिटच्या (बसायच्या खोबणीच्या) मागे आडवं टाकायचं, म्हणजे बाजूला आधार होतो. पण ती जागाच बॅगेनं अडवलेली. तसाच अंग टाकून चढायला गेलो तर जॅकेटचं बक्कल बॅगेच्या पट्ट्यात अडकलं आणि कयाक पुन्हा माझ्यावर कलंडली. त्या क्षणी खरंच घाबरलो.

दाजी ओरडले, “अरे, ती बॅग सोड की आधी!”

सुटेना. भिजलेल्या सुतळीची गाठ ती, नखं मोडली. शेवटी कयाक ओढत काठाला आलो.

मग सगळं नव्यानं लावलं. बॅग आतल्या कप्प्यात. वजन खाली गेल्यावर कयाकचं डोलणंही कमी झालं. फुगा आणि पाणी उपसायचा पंप पुढच्या डेकवर, एका हातानं निघतील असे, दोरीचं एकही टोक लोंबतं नाही. शिट्टी आणि छोटी सुरी जॅकेटच्या खिशात, कारण वाऱ्यावर रिकामी कयाक आपल्या पोहण्याला दाद देत नाही, सामान घेऊन निघून जाते. दुसऱ्या खेपेला वल्ह्यावर पाय टेकवून मागच्या डेकवर पोटावर पसरलो, पाय आत सोडले आणि फुग्याच्या बाजूला भार ठेवत वळून बसलो. आत कमरेपर्यंत पाणी, कयाक डुचमळत होती. पंप समोर हाताशी होता म्हणून उपसता आलं.

हे सगळं काठाजवळ, वारा नसताना. लाटांवर अजून करून बघायचंय. बुधवारी खडेबाजारात जाऊन सुतळीच्या जागी दाबून सुटणारी बक्कलं शिवून घेतो.