आमची वाटचाल: वरातीच्या घोड्यापासून नीरेकाठच्या सफरीपर्यंत

आमच्या घरात घोडे आजोबांपासून. तेव्हा काम वरातीचं. लग्नसराईत चार पैसे मिळायचे, पावसाळ्यात नुसता चाऱ्याचा खर्च. तबेला माझ्याकडे आला तेव्हा मी घोडेस्वारीचे वर्ग सुरू केले आणि दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी घोड्या आणल्या. पुणं जवळ, त्यामुळे शनिवार-रविवारचे वर्ग भरू लागले. शिकून तयार झालेलीच मंडळी मग मागे लागली, "दादा, रिंगणात किती फिरायचं? बाहेर न्या आता."

त्यातून बारामती-इंदापूरकडच्या माळांवरून, नीरेच्या काठाने जाणाऱ्या तीन-चार दिवसांच्या सफरी सुरू झाल्या. हा भीमथडीचा, म्हणजे भीमेकाठचा मुलूख. इथल्या काटक तट्टांवर मराठी फौजांनी मजला मारल्या. त्याच वाटांनी आपण जातो याचा मला आजही अभिमान वाटतो.

पण रिंगणातला तासभर वेगळा आणि सफरीतले पाच-सहा तास वेगळे. पहिला दिवस उत्साहात जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकिबीत पाय टाकताना मांड्यांची आतली बाजू ओरडते, कंबर धरलेली असते. थकलेला स्वार एका अंगाला कलतो, दुडकीत खोगिरावर आदळत राहतो. माणसाचं अंग दोन-चार दिवसांत मोकळं होतं. घोड्याची पाठ लागली तर जखम भरेपर्यंत त्याच्यावर खोगीर चढवता येत नाही. म्हणून आम्ही नियम केला: आधी सहा आठवडे तयारी, मगच सफरीत नाव. काही बुकिंग गेली, जाऊ दिली.

तयारी म्हणजे जिमच नव्हे. व्यायामाने कमावलेली मुलं बऱ्याचदा गुडघ्यांनी घोडा आवळून धरतात. त्याने मांड्या लवकर थकतात आणि स्वार खोगिरातून वर ढकलला जातो. मांड पक्की होते ती तोलाने, आवळून नाही. म्हणून सुरुवात जिन्यावर. पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे आणि टाचा सावकाश खाली सोडायच्या. दिवसभर टाच खाली राहायची तर घोटा असाच सैल व्हायला हवा. मग पाय फाकवून उठाबशा, पोटासाठी प्लँक, एका पायावर उभं राहणं आणि कंबरेच्या सांध्यांसाठी बद्धकोणासन. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना हे शेवटचं फार लागतं. सुट्टीच्या दिवशी सिंहगड चढावा, उतरताना घाई करू नये. आठवड्यातून दोन-तीनदा घोड्यावर, वेळ हळूहळू वाढवत, आणि थोडा वेळ रिकिबीतून पाय काढून कदमचालीत, म्हणजे घोड्याच्या साध्या चालीत. त्याला पर्याय नाही.

वजनाचंही स्पष्ट बोलतो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३५० किलोच्या घोड्यावर ७० किलो. जास्त वजनाच्या पाहुण्यासाठी तेवढा भरदार घोडा असेल तरच होकार.

कपड्यांचं एकच सांगतो. जीन्स नको, आतली जाड शिवण मांडी सोलते.

एक बँकेतल्या ताई, पन्नाशी ओलांडलेल्या, सहाही आठवडे नेमाने आल्या. सफरीत दर तासाला थोडं अंतर उतरून घोड्याबरोबर चालायचं असतं. तिसऱ्या दिवशीही त्या पहिल्याच हाकेला उतरल्या, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एक भोक सैल केला आणि लगाम धरून पुढे निघाल्या. संध्याकाळी मुक्कामावर खोगीर त्यांनी स्वतः उतरवलं. त्यांच्या घोडीच्या पाठीवर खोगिराखालचा घाम दोन्ही बाजूंना सारखा उमटलेला होता. स्वार दिवसभर मधोमध बसला, याची ती खूण. घोड्यांची निगा राखणाऱ्या आमच्या मोतद्दारांनी सगळ्यांना बोलावून ती पाठ दाखवली.

आता शेवटचा शब्द मोतद्दारांचाच. मुक्कामावर ते प्रत्येक पाठीवरून तळहात दाबून फिरवतात. घोड्याने पाठ चोरली, म्हणजे हात लागताच अंग आक्रसलं, की दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी आणि स्वार जीपमधून. त्या दिवसाचे पैसे परत मिळत नाहीत, हे नाव नोंदवतानाच सांगतो. तयारीचे वर्ग दसऱ्यानंतर सुरू होतात, सफरी डिसेंबर ते फेब्रुवारी.