सावंतवाडी ते जुनं गोवं, सगळ्यांच्या मागून चालत

आमच्याकडे गोंयच्या सायबाला, म्हणजे जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरला, पायी जायचं म्हणजे वारीच. पंढरीला जाणारे जसे आषाढ आला की अस्वस्थ होतात तसं आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत २४ नोव्हेंबरला नोव्हेना, म्हणजे त्याच्या सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू झाली की कोणीतरी विचारतंच, यंदा चालत येणार का. मी बारा वर्षं नाही म्हणत आले, कारण रजा नाही. मी नर्स आहे, वॉर्डची इनचार्ज, माझ्या हाताखाली नऊ मुली. यंदा हो म्हटलं, त्याचं कारण पुढे सांगते.

आम्ही एकवीस जण होतो. पुढारी म्हणजे वेंगुर्ल्याकडचे एक काका, सगळा जन्म रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरण्यात, गेलेला, शाळा सातवीपर्यंत. पहाटे चारला निघायच्या आधी त्यांनी सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत गोळा केले आणि नियम सांगितले. खुरीस, म्हणजे क्रूस, सगळ्यात पुढे, त्याच्या पुढे कोणी जायचं नाही. रस्त्याच्या उजव्या कडेने एका ओळीत, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. आणि चाल सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाची. मी लगेच बोलले की काका, असं केलं तर धारगळला पोचायला रात्र होईल, आपण दोन ग्रुप करूया. ते नुसते माझ्याकडे बघून हसले आणि खुरीस उचलला.

बांद्यापर्यंत मी कसंबसं ऐकलं. पुढे ऊन चढलं, माझे पाय चांगले चालत होते, मागे रोझरीची एकेक नमो मारिया इतकी सावकाश चालली होती की मला राहवेना. मी सुटले. खुरसाच्या पुढे, एकटी, पत्रादेवीची हद्द ओलांडून हुतात्मा स्मारकापाशी जाऊन बसले. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवा मुक्तीचे सत्याग्रही जिथे पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी पडले ती जागा. बूट काढला तर टाचेला रुपयाएवढा फोड, आणि मलमपट्टीची पेटी मागे काकांच्या गाडीत. तासाभराने सगळे आले. मला वाटलं आता ओरडा बसणार, म्हणजे मी त्यांच्या जागी असते तर नक्की झापलं असतं, चारचौघांत. काका एवढंच म्हणाले, "पुढे पळान खंय जातंस गो? सायब खंय पळान जाणा नाय. फाल्या तू मावशीवांगडा चल, सगळ्यांच्या मागसून."

रात्री पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा खाऊन सगळे गोलात बसले तेव्हा काकांनी लूकच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय वाचला. पेत्र नावाचा कोळी रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने परत आलाय, जाळी धूत बसलाय, आणि येशू म्हणतो खोल पाण्यात जा आणि परत टाक. आम्ही हे लहानपणापासून शंभरदा ऐकलंय, पण रापणकाराच्या तोंडून ऐकणं वेगळं. काका म्हणाले, "सुताराचो झील, आणि तो पेत्राक सांगता जाळी खंय टाकूची ती. दिवसाउजेडी. माका कोणी असा सांगल्यान असता तर मी बोटीतसून उतरवलंय असतंय. पण तेणा आयकला. थकलो होतो, पटला नव्हता, तरी आयकला." मग रापणीचं सांगितलं, की दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सारख्या जोराने ओढावे लागतात, एक बाजू हौसेने पुढे गेली की जाळं तिरकं होतं आणि मासा बाजूने निसटतो, म्हणून तिथे एकाच्या हाकेवर पन्नास माणसं चालतात आणि त्यात कोणाचा कमीपणा नसतो. माझ्याकडे बघून नाही बोलले, पण मला कळलं.

आपल्या भाषेत आज्ञा पाळण्याला वेगळा शब्द लागतच नाही, आपण म्हणतो पोरगा ऐकतो, पोरगी ऐकत नाही. कानाने ऐकणं आणि मानणं एकच. हे मी आयुष्यभर बोलत आलेय आणि त्या रात्री हॉलच्या फरशीवर पडल्या पडल्या पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं.

आता कारण सांगते. दोन महिन्यांपूर्वी रात्रपाळीला एका पेशंटला इन्सुलिन द्यायचं होतं. कागदावर डॉक्टरने चार आकडा आणि पुढे युनिटचा इंग्रजी यू लिहिलेला, घाईत, आणि तो यू मला शून्य दिसला. चाळीस, म्हणजे दहापट. हे आम्हाला शिकवलेलं असतं, की म्हणूनच युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा, मी स्वतः नव्या मुलींना शिकवते. माझी ज्युनियर, सहा महिने झालेली पोरगी, हळूच म्हणाली, मॅडम हे चार असेल, एकदा विचारूया का. मी सगळ्या वॉर्डसमोर तिला म्हणाले की तू मला शिकवणार का. ती गेली नाही. सिरिंजवर हात ठेवून उभी राहिली, हात थरथरत होता पण उचलला नाही, म्हणाली, तुम्ही रागवा पण आधी फोन करा. फोन केला. चार होते. पेशंटला काही झालं नाही, कोणाला कळलं नाही, आणि मी तिला सॉरीसुद्धा म्हटलं नाही. उलट पुढचे आठवडे तिला वाकडं बोलत राहिले, कारण ती समोर आली की मला ते चाळीस दिसायचे.

म्हणून कोणी नम्रतेचा अर्थ मान खाली घालून गप्प बसणं असा सांगितला की मला आता पटत नाही, आणि चर्चमध्ये, घरात, सुनांना, धाकट्यांना हेच सांगितलं जातं हे मला माहीत आहे. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पेत्रच म्हणतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. त्या रात्री वॉर्डात खरं ऐकणारी ती पोरगी होती. ती पेशंटचं ऐकत होती. मी फक्त माझं.

दुसरा दिवस मावशीबरोबर. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण गाडीत बसायला तयार नाही. कोलवाळच्या पुलावर आम्ही दोघी किती वेळ होतो कोण जाणे, खाली शापोरा नदी आणि मावशी दर दहा पावलांनी थांबून कठड्याला धरणार. सुरुवातीला माझा जीव नुसता कासावीस व्हायचा. मी तिची पिशवी घेतली, छत्री धरली, पायांच्या व्यायामाचं लेक्चर दिलं, तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाय, तू माका ओढतंस. माझ्या पावलात पाऊल टाक." तसं करून बघितलं. कठीण आहे हो. स्वतःची चाल मोडून दुसऱ्याच्या पावलात चालायचं म्हणजे कमरेपासून सगळं दुखतं. पण म्हापशापर्यंत जमलं, आणि चालता चालता मी तिला ते इन्सुलिनचं सगळं सांगून टाकलं, नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. ती मध्ये एक शब्द बोलली नाही, फक्त "मी आयकतंय, तू बोल."

तिसऱ्या दिवशी अंधारातच पर्वरीहून निघून मांडवीचा पूल, पणजी, आणि मग रायबंदरचा तो जुना बांध, १६३३-३४ मध्ये बांधलेला, तीन किलोमीटरहून लांब, एका बाजूला मिठागरं आणि खाजण. तिथे फादर आमच्यात येऊन चालायला लागले आणि सायबाचं सांगत होते. १५४० मध्ये येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस याने हिंदुस्थानात पाठवायला दुसराच माणूस नेमला होता, तो बोबादिया आजारी पडला म्हणून ऐनवेळी फ्रान्सिस झेवियरला विचारलं, तो मी तयार आहे म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी निघाला. पोपचा प्रतिनिधी होता, जहाजावर नोकर देत होते, तो नाकारून स्वतःचे कपडे स्वतः धुवायचा. ६ मे १५४२ ला गोव्यात उतरल्यावर बिशपांपुढे गुडघे टेकून पोपची पत्रं त्यांच्या हातात दिली, की तुमची परवानगी असेल तरच हे अधिकार वापरीन. आणि राहायला गेला कुठे, तर इस्पितळात, सगळ्यात जास्त आजारी माणसाच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपायचा. हे ऐकून माझं पाऊल अडखळलं. वीस वर्षं नर्स आहे, मला हे माहीतच नव्हतं, मला फक्त चांदीची पेटी आणि चमत्कार माहीत.

त्याला परत बोलावणारं इग्नेशियसचं पत्र जून १५५३ चं आहे. तोपर्यंत तो चीनच्या किनाऱ्यावरच्या बेटावर ३ डिसेंबर १५५२ ला वारला होता. फादर म्हणाले, मिळालं असतं तर तो नक्की परत आला असता. मावशी म्हणाली, "इलोच असतो."

जुन्या गोव्याच्या बॉम जेझस बासिलिकेत सायबाचं शव असलेली ती पेटी उंचावर असते, शवप्रदर्शन दहा वर्षांनी, ते २०२४-२५ मध्ये होऊन गेलं, म्हणून आम्हाला खालूनच हात जोडायचे होते. मी गुडघ्यावर बसले पण काही मागायला सुचेना, टाच ठणकत होती, शेजारी मावशी माझ्या खांद्याला धरून खाली बसायचा प्रयत्न करत होती.

बाहेर झाडाखाली काकांनी पिशवी उघडून मोबाईल वाटले. बॅटरी नऊ टक्के. मी ज्युनियरला फोन लावला. तिने लगेच उचलला, "हॅलो मॅडम, ड्युटी बदलली का?" कारण मी तिला दुसऱ्या कशासाठी कधी फोन केलाच नव्हता. म्हटलं नाही गं, त्या चाळीसबद्दल बोलायचंय. पलीकडे एकदम शांतता. मग वॉर्डाचं दार लोटल्याचा आवाज आला, बहुतेक ती बाहेर गॅलरीत आली, आणि म्हणाली, "हां मॅडम. बोला."